चार यंत्रं, एक तारीख

धाराशिवातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. दादाचं लग्न उन्हाळ्यात झालं, तुळजाभवानीचा गोंधळ तेवढा घालायचा राहिलाय. मंगळवार, २४ नोव्हेंबर २०२६, रात्री आठ वाजता, असं ठरलं. घरातल्या धाकट्याने तशी नोंद कॅलेंडरात केली आणि सगळ्यांना पाठवली. चार दिवसांनी गोंधळी मंडळींचा निरोप आला. त्या मंगळवारची दुसरी सुपारी त्यांनी आधीच घेतलेली होती. शुक्रवारी २७ तारखेला येतो म्हणाले. शुक्रवारही देवीचाच वार, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती. धाकट्याने नोंदीतली तारीख बदलली.

आता चार पडदे बघू. धाकट्याच्या लिनक्सवर २७ तारीख दिसते. पुण्यात नोकरी करणाऱ्या दादाच्या विंडोज लॅपटॉपवर २४ आणि २७, अशा दोन्ही तारखांना गोंधळ आहे. जर्मनीतल्या ताईच्या आयफोनवर अजून २४च आहे. अण्णांनी रानात असताना आपल्या अँड्रॉइड फोनवर गोंधळाची वेळ आठऐवजी सात केली होती. संध्याकाळी घरी येऊन बघतात तर पुन्हा आठ. रात्री ताईचा फोन येतो, "दादा, गोंधळ नक्की कधी आहे?"

चौघांपैकी कुणीही निष्काळजीपणा केलेला नाही. तिघांच्या पडद्यांवर तीन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. त्या एकेक करून उलगडल्या की वेगवेगळ्या संगणक-प्रणालींवरची कॅलेंडरं एकमेकांशी जुळतात कशी आणि बिनसतात कुठे, हे नीट कळतं.

चार भाषा आणि एक कागद

संगणक किंवा फोनमधल्या सगळ्या कामांचा कारभार पाहणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज, अँड्रॉइड, लिनक्स आणि आयफोनची आयओएस ही त्यांची नावं. यांच्यावर चालणारी कॅलेंडर ॲप आपापल्या नोंदी आपापल्या पद्धतीने साठवतात. एकाची साठवण दुसऱ्याला थेट वाचता येत नाही.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला ही अडचण जुनी आहे. हा भाग हैदराबाद संस्थानात होता तेव्हा दप्तरात फसली सन चाले, घरात शालिवाहन शक चाले आणि इंग्रजी मुलखाशी व्यवहार इसवी सनात होई. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो, शकात ७८ मिळवले की निघतो. जुने जमिनीचे कागद वाचणाऱ्यांना हा हिशेब तोंडपाठ असतो. सगळ्या कागदांची सांगड घालायची तर प्रत्येक सनातून दुसऱ्या प्रत्येक सनात उलटापालट करण्यापेक्षा सगळे आधी इसवीत आणणं सोपं पडतं.

संगणकाच्या जगाने हाच मार्ग धरला. चार प्रणालींच्या दर जोडीसाठी वेगळा दुभाषी ठेवायचा तर सहा दुभाषी लागतात, आणि दहा प्रणाली झाल्या तर पंचेचाळीस. त्याऐवजी सगळ्यांनी एकच लिखाणाची पद्धत मान्य केली, की प्रत्येकाला तेवढी एकच शिकावी लागते. ही पद्धत १९९८ साली ठरली आणि २००९ साली सुधारली गेली. तिचं नाव आयकॅलेंडर. 'डॉट आयसीएस' या शेपटाची फाइल तुम्हाला कधी ईमेलमधून आली असेल, तर ती याच पद्धतीने लिहिलेली असते.

ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडता येते. मूळ मजकूर रोमन अक्षरांत असतो. देवनागरीत उतरवला तर गोंधळाची नोंद साधारण अशी दिसेल:

बिगिन : व्हीइव्हेंट
यूआयडी : ७क४१-ख९०३-घर
सीक्वेन्स : १
डीटीस्टार्ट, एशिया/कोलकाता : २०२६११२७ टी २०००००
समरी : गोंधळ
एंड : व्हीइव्हेंट

पहिली आणि शेवटची ओळ म्हणजे नोंद कुठे सुरू होते आणि कुठे संपते त्याची खूण. 'समरी' म्हणजे नाव. 'डीटीस्टार्ट' म्हणजे सुरुवात: वर्ष २०२६, महिना ११, दिवस २७ आणि वेळ २० वाजून शून्य मिनिटं, शून्य सेकंद. उरलेल्या दोन ओळी किरकोळ दिसतात, पण सगळी जुळणी त्यांच्यावर उभी आहे.

नाव बदलतं, ओळख तीच राहते

२०२३ साली उस्मानाबादचं अधिकृत नाव धाराशिव झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पण इथल्या गाड्यांवरचा एमएच २५ हा क्रमांक तसाच राहिला. नाव काहीही असो, ही गाडी कुठल्या जिल्ह्यात नोंदलेली आहे हे त्या क्रमांकावरून कळतं.

नोंदीतला 'यूआयडी' हा असाच ओळख-क्रमांक असतो. नोंद पहिल्यांदा तयार होते तेव्हा ॲप तिला एक लांबलचक, दुसऱ्या कुठल्याही नोंदीला मिळणार नाही असा क्रमांक देतं. पुढे नाव बदला, तारीख बदला, जागा बदला, हा क्रमांक हलत नाही. दुसऱ्या यंत्राकडे नोंद पोहोचली की ते आधी क्रमांक बघतं. आपल्याकडे हा क्रमांक असेल तर जुनी नोंद दुरुस्त करतं, नसेल तर नवी लिहून घेतं.

आता दादाच्या लॅपटॉपवर काय झालं ते बघा. धाकट्याची नोंद पोहोचायच्या आधीच अण्णांनी फोनवर तारीख सांगितली होती, म्हणून दादाने स्वतः 'गोंधळ, २४ नोव्हेंबर' असं टाइप करून ठेवलं. त्याच्या ॲपने त्या नोंदीला वेगळा क्रमांक दिला. नंतर धाकट्याची नोंद आली, तिचा क्रमांक वेगळा. माणसाला दोन्ही एकच गोंधळ दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन निरनिराळे कार्यक्रम आहेत. तारीख बदलली ती फक्त धाकट्याच्या नोंदीची. दादाची हाताने लिहिलेली नोंद २४ तारखेलाच राहिली, कारण ती बदला असं तिला कुणी सांगितलंच नाही.

उतारा आणि मूळ नोंद

ताईचं कोडं समजायला सातबारा आठवा. तलाठ्याकडून किंवा ऑनलाइन काढलेला उतारा ही मूळ नोंदीची त्या दिवसाची प्रत असते. पुढे फेरफार झाला, तर कपाटात ठेवलेला जुना उतारा आपोआप बदलत नाही. नवा काढावा लागतो. आणि उताऱ्यावर पेनाने नाव लिहिलं म्हणून जमीन कुणाच्या नावावर होत नाही. बदल मूळ दप्तरात व्हावा लागतो.

कॅलेंडरची नोंद एका यंत्रातून दुसऱ्यात नेण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग आयातीचा, म्हणजे इम्पोर्टचा. फाइल पाठवली, समोरच्याने उघडली, नोंद त्याच्या फोनात उतरली. हा कपाटातला उतारा. ताईने व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडून नोंद घेतली होती. त्या क्षणी ती बरोबर होती. नंतर धाराशिवात तारीख बदलली, तरी त्या फाइलचा आणि मूळ नोंदीचा काही संबंध उरलेला नव्हता.

दुसरा मार्ग वर्गणीचा, म्हणजे सबस्क्रिप्शनचा. इथे फाइलऐवजी तिचा पत्ता दिला जातो आणि आपलं ॲप अधूनमधून त्या पत्त्यावर जाऊन ताजी प्रत आणतं. वर्तमानपत्रासारखंच हे: रोज नवा अंक येतो, पण आपल्याला त्यात लिहिता येत नाही. शाळेच्या सुट्ट्या किंवा सणांच्या याद्या यासाठी हा मार्ग उत्तम. एक अडचण लक्षात ठेवावी: ताजी प्रत कधी आणायची हे ॲप ठरवतं. कधी त्याला कित्येक तास लागतात, कधी अख्खा दिवस जातो.

तिसरा मार्ग खऱ्या जुळणीचा. मूळ नोंद सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू असलेल्या एका दूरच्या संगणकावर राहते. प्रत्येक यंत्र तिथे स्वतःचं खातं दाखवून वाचतं आणि लिहितं. या देवाणघेवाणीसाठी २००७ साली कॅलडॅव नावाचे नियम ठरले. आयकॅलेंडर हा कागद, तर कॅलडॅव म्हणजे तो कागद दप्तरात दाखल करायची आणि दप्तरातून मागायची रीत.

ही रीत सगळ्यांना सारखीच येते असं मात्र नाही. ॲपलचे फोन आणि संगणक कॅलडॅव जन्मतः बोलतात. लिनक्सवरचं थंडरबर्ड आणि इव्होल्यूशनही बोलतात. अँड्रॉइड गूगल खात्याशी स्वतःच्या पद्धतीने जुळतं. दुसऱ्या कुठल्या सर्व्हरशी कॅलडॅवने जोडायचं तर डॅवएक्सफाइव्हसारखं एखादं ॲप घालावं लागतं. विंडोजवरचं जुनं आउटलुक मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज पद्धतीचं आहे. त्याला कॅलडॅव शिकवायला कॅलडॅव सिंक्रोनायझर नावाचं फुकट मिळणारं जोडसॉफ्टवेअर लागतं. "त्याच्याकडे दिसतं, माझ्याकडे का दिसत नाही?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

रेंज नसताना केलेली दुरुस्ती

आता अण्णा. रानात रेंज नव्हती. त्यांनी फोनवर वेळ सात केली, फोनने ती स्वतःजवळ लिहून ठेवली आणि रेंज आली की सर्व्हरला कळवायचं ठरवलं. त्याच दुपारी धाकट्याने तारीख बदलून २७ केली. म्हणजे एकाच नोंदीवर दोन हात पडले, आणि दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं.

यासाठी सर्व्हर प्रत्येक नोंदीवर एक मोहोर लावतो. तिला ईटॅग म्हणतात. नोंद बदलली की मोहोर बदलते. फोन नोंद घेऊन जातो तेव्हा मोहोरही सोबत नेतो. परत आणून देताना तो सांगतो, "माझ्याकडची मोहोर ही. तुमच्याकडे अजून हीच असेल तर माझा बदल घ्या." संध्याकाळी अण्णांचा फोन जुनी मोहोर घेऊन गेला, पण धाकट्याच्या बदलामुळे तोवर नवी लागली होती. सर्व्हरने नकार दिला. या नकाराला ठरलेला क्रमांकही आहे, ४१२.

सर्व्हरने असं केलं नसतं तर जो शेवटी पोहोचला त्याचंच खरं झालं असतं. अण्णांच्या जुन्या प्रतीने धाकट्याची नवी तारीख पुसली असती, गोंधळ पुन्हा २४ तारखेला गेला असता आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. नकार मिळाल्यावर काय करायचं ते प्रत्येक ॲप आपापलं ठरवतं. काही वापरणाऱ्याला विचारतात. काही गुपचूप सर्व्हरची प्रत उतरवून घेतात. अण्णांच्या फोनने दुसरा मार्ग धरला, म्हणून सात पुसून आठ आलं.

'सीक्वेन्स' ही ओळ याच कामाची. फेरफाराला जसा क्रमांक असतो तसाच हा. नोंद पहिल्यांदा तयार होते तेव्हा शून्य, तारीख किंवा वेळ यांसारखा मोठा बदल झाला की एक, मग दोन. आमंत्रणं ईमेलने फिरतात तेव्हा दोन प्रतींपैकी ताजी कोणती, हे या आकड्यावरून ठरतं.

आणखी दोन कामं पडद्यामागे चालतात. पहिलं काम खुणेचं. दर वेळी सगळं कॅलेंडर वाचत बसण्यापेक्षा फोन सर्व्हरला मागची खूण दाखवतो आणि त्यानंतर काय बदललं तेवढंच विचारतो. किराणा दुकानाच्या खातेवहीत मागच्या हिशेबाखाली रेघ मारलेली असते आणि पुढची बेरीज तिथून सुरू होते, तशी ही रेघ. मोबाइलचा डेटा आणि बॅटरी दोन्ही यामुळे वाचतात. दुसरं काम पुसलेल्या नोंदींचं. नोंद नुसती नाहीशी करून चालत नाही, 'ही पुसली' असंही लिहून ठेवावं लागतं. नाहीतर ज्या यंत्रात ती अजून शिल्लक आहे ते म्हणेल, "ही तर नवी दिसते," आणि पुसलेली नोंद परत अवतरेल. एकाच कॅलेंडरला दोन वेगळ्या सॉफ्टवेअरांनी जुळवायचा प्रयत्न केला की असं बऱ्याचदा घडतं.

रात्रीचे आठ म्हणजे कुठले आठ?

ताईचं खातं जोडून दिलं की तिला २७ नोव्हेंबर दिसेल. वेळ मात्र दुपारी साडेतीन. ते बरोबरच आहे. आपलं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि हिवाळ्यात जर्मनीचं एक तास पुढे. फरक साडेचार तासांचा. उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे सरकवतात, तेव्हा तो साडेतीन तासांवर येतो. ही सरकवासरकव मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते. दर रविवारी रात्री साडेनऊचा व्हिडिओ कॉल ताईला हिवाळ्यात संध्याकाळी पाचला आणि उन्हाळ्यात सहाला दिसतो, तो यामुळे.

म्हणून नोंदीत नुसते आकडे न लिहिता 'एशिया/कोलकाता' असं विभागाचं नाव लिहिलेलं असतं. विभागाचं नाव असलं की त्या ठिकाणचे नियम, आजचे आणि पुढे बदलणारेही, यंत्राला यादीतून काढता येतात. इथेही नावांचा घोळ आहे. विंडोज याच विभागाला 'इंडिया स्टँडर्ड टाइम' म्हणतं. आपली श्रावण वद्य अष्टमी उत्तरेत भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणून लिहितात, कारण आपला महिना अमावास्येला संपतो आणि त्यांचा पौर्णिमेला. कृष्णजन्माचा दिवस तोच राहतो. ही सांगड माहीत नसेल तर महिनाभराची चूक होईल. यंत्रांकडेही विभागांच्या नावांची सांगड घालणारं कोष्टक असतं, आणि जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरने ते वापरलं नाही तर कार्यक्रम साडेपाच तास सरकतो.

वाढदिवसाची तऱ्हा वेगळी. तो अख्खा दिवसाचा असतो, त्याला वेळ नसते. नोंदीत नुसती तारीख लिहिली तर जगभर तीच तारीख दिसते. पण एखाद्या ॲपने 'भारतात मध्यरात्री बारा' असं लिहून टाकलं, तर भारतातली मध्यरात्र म्हणजे जर्मनीत आदल्या दिवसाची संध्याकाळ. अण्णांचा वाढदिवस ताईच्या फोनवर एक दिवस आधी दिसू लागतो.

१७ सप्टेंबर सोपा, घटस्थापना अवघड

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन १७ सप्टेंबरला असतो. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली. कॅलेंडरात 'दर वर्षी, १७ सप्टेंबर' एवढं लिहिलं की काम कायमचं झालं. आयकॅलेंडरमध्ये अशा आवर्तनाची एक ओळ असते आणि ती सगळ्या यंत्रांना कळते.

तुळजापूरच्या नवरात्राचं असं होत नाही. घटस्थापना २०२३ साली १५ ऑक्टोबरला होती, २०२४ साली ३ ऑक्टोबरला, २०२५ साली २२ सप्टेंबरला. २०२६ साली ती ११ ऑक्टोबरला आहे. त्याआधीची, भाद्रपद वद्य अष्टमीला सुरू होणारी देवीची घोर निद्रा, त्यानंतरची कोजागिरी, चैत्र पौर्णिमेची येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा, सगळं असंच पुढेमागे सरकतं.

कारण तिथी चंद्रावर चालते. आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी पूर्ण होते. चंद्राचा वेग सारखा नसतो, म्हणून तिथी कधी २० तासांच्या आसपास संपते तर कधी २६ तासांहूनही लांबते. बारा चांद्रमासांचं वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणजे सौर वर्षाहून ११ दिवसांनी तोकडं. ती तूट भरायला साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून घटस्थापना मागच्या सालापेक्षा १९ दिवस पुढे गेली.

'दर वर्षी अमुक तारखेला' या साध्या ओळीत हे मावत नाही. इतर पंचांगांप्रमाणे आवर्तन लिहिण्याची सोय २०१५ साली मानकात आली, पण रोजच्या वापरातल्या ॲपमध्ये ती क्वचितच सापडते. शिवाय बऱ्याच सणांसाठी सूर्योदयाची तिथी धरली जाते आणि सूर्योदय गावागणिक बदलतो. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावर ठरवलेली आहे. धाराशिव ७६ अंशांच्या आसपास. सूर्य एक अंश सरकायला चार मिनिटं घेतो, म्हणजे आपल्याकडे तो त्या रेखावृत्ताच्या सुमारे २६ मिनिटांनी मागे असतो. सूर्योदयाच्या जवळपास तिथी बदलत असेल तर एवढ्याने निर्णय फिरू शकतो.

म्हणून सणांच्या बाबतीत यंत्राने गणित करावं अशी अपेक्षा धरू नये. सोलापूरचं दाते पंचांग किंवा भिंतीवरचं कालनिर्णय समोर ठेवून पाडव्याच्या सुमारास वर्षाच्या तारखा एकदा भरून टाकाव्यात. तासाभराचं काम आहे. एकाने भरल्या की सगळ्या घराला दिसतात.

घरी बसवायचं कसं?

अण्णांच्या घरात मग असं ठरवता येईल. धाकट्याने एकाच खात्यात 'घर' नावाचं वेगळं कॅलेंडर काढायचं. मूळ दप्तर ते. फाइल न पाठवता ते कॅलेंडरच तिघांना वाटून द्यायचं, म्हणजे शेअर करायचं. ताईने आयफोनच्या सेटिंगमध्ये खातं जोडायचं आणि वाटून दिलेलं कॅलेंडर दिसत नसेल तर त्या खात्याच्या जुळणी-यादीत त्याच्यावर खूण आहे का ते तपासायचं. दादाने लॅपटॉपवर थंडरबर्ड वापरायचं किंवा ब्राउझरमध्ये उघडायचं, आणि हाताने लिहिलेली २४ तारखेची नोंद पुसायची. अण्णांना वेळ बदलायची असेल तर रेंजमध्ये असताना बदलायची आणि दुसऱ्या पडद्यावर ती उमटली का हे एकदा विचारून घ्यायचं. कार्यालयाच्या कॅलेंडरात घरच्या नोंदी मिसळायच्या नाहीत. नोकरी बदलली की ते खातं बंद होतं आणि नोंदीही जातात.

भिंतीवरचं कालनिर्णय काढायचं काही कारण नाही. दुधाचा हिशेब आणि गॅस सिलिंडरची तारीख तिथेच शोभते. फक्त गोंधळाची तारीख त्यावर लिहिताना अण्णांनी 'घर' कॅलेंडरात बघून लिहावी. म्हणजे २७ नोव्हेंबरला रात्री आठ वाजता संबळ वाजू लागेल, तेव्हा पुण्याहून निघालेला दादा वेळेत पोहोचलेला असेल आणि ताई दुपारी साडेतीनला पडद्यासमोर बसलेली असेल.

थोडक्यात

• आयकॅलेंडर ही नोंद लिहिण्याची सर्वमान्य पद्धत आहे. कॅलडॅव ही तिची देवाणघेवाण करण्याची रीत.
• प्रत्येक नोंदीला कायमचा ओळख-क्रमांक असतो. तीच गोष्ट दोघांनी हाताने लिहिली की दोन नोंदी होतात.
• आयात केलेली फाइल म्हणजे जुना उतारा. बदल दिसत राहायला हवे असतील तर कॅलेंडर वाटून द्या.
• एकाच वेळी दोघांनी बदल केला तर मोहोर जुळत नाही आणि एकाचा बदल नाकारला जातो. महत्त्वाचा बदल केला की तपासून घ्या.
• परदेशातल्या माणसासाठी नोंदीत वेळेचा विभाग बरोबर असू द्या. वाढदिवस 'अख्खा दिवस' म्हणून लिहा.
• तिथीवरचे सण दर वर्षी पंचांग बघून भरा.
• एका कॅलेंडरला जुळवणारं सॉफ्टवेअर एका यंत्रावर एकच ठेवा.